अफिलिएट कार्यक्रम निवडताना कमिशनच्या दराआधी काय तपासावं

ब्लॉगवर किंवा यूट्यूबवर लिंक देऊन कमिशन मिळवायच्या तीन वाटा आहेत: अ‍ॅमेझॉनसारख्या दुकानाचा स्वतःचा कार्यक्रम, सीजे किंवा अविनसारखं, अनेक विक्रेत्या कंपन्या आणि लिंक देणारे यांना जोडणारं मधलं नेटवर्क, आणि एखाद्या कंपनीशी थेट करार. बहुतेक जण फक्त टक्केवारी बघून निवडतात. भांडणं मात्र टक्केवारीवरून होत नाहीत. विक्री कोण मोजतं, ती पक्की कधी होते आणि रद्द कोण करू शकतं, या तीन गोष्टींवरून होतात.

आधी हिशेब बघा. लाखाच्या विक्रीवर १० टक्के देणाऱ्या कार्यक्रमात ४० टक्के कमिशन नंतर रद्द झालं, तर हातात ६,००० रुपये येतात. ७ टक्के देणाऱ्याकडे फक्त ५ टक्के रद्द झालं, तर ६,६५० येतात. म्हणून रद्द होण्याचं प्रमाण विचारा. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर सावध व्हा.

दुकानाचा स्वतःचा कार्यक्रम

इथे मोजणारा, ठरवणारा आणि पैसे देणारा एकच असतो. अ‍ॅमेझॉनची खिडकी, म्हणजे क्लिकनंतर ज्या मुदतीतली खरेदी तुमच्या नावावर धरली जाते ती, २४ तासांची आहे. महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी पैसे येतात. पैसे बुडण्याची भीती कमी, पण खातं बंद होण्याची जास्त. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी किंवा दुसऱ्याच्या वतीने केलेली खरेदी चालत नाही. वस्तूची किंमत हाताने लिहून ठेवली तरी नियम मोडतो, कारण किंमत बदलते आणि पानावर जुनीच राहते. खातं बंद झालं की साठलेलं कमिशनही अडकू शकतं. दरही एकतर्फी बदलतात: एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत फर्निचरचा दर आठवड्याभराच्या सूचनेवर ८ वरून ३ टक्क्यांवर आला. सगळं उत्पन्न इथेच ठेवू नका.

नेटवर्क

नेटवर्कची मोजणी त्रयस्थ असते, ही मोठी सोय. अविनमध्ये न नोंदलेल्या किंवा नाकारलेल्या विक्रीवर रीतसर चौकशी टाकता येते. पण विक्री मंजूर करायची की नाही हे शेवटी जाहिरातदारच, म्हणजे माल विकणारी कंपनीच ठरवते, आणि तिने नेटवर्कला पैसे भरेपर्यंत तुमचे साधारणपणे सुटत नाहीत. सीजेवर सहा महिने काहीच कमिशन झालं नाही, तर शिलकीतून महिन्याला १० डॉलर कापले जातात, हे नव्या लोकांना फार उशिरा कळतं.

थेट करार

दर इथे सगळ्यात चांगला मिळतो आणि वादही इथेच सगळ्यात जास्त होतात, कारण मोजणी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर असते. सही करण्यापूर्वी एवढं लेखी घ्या: कमिशन पक्कं होण्याचा दिवस, रद्द करण्याच्या कारणांची बंद यादी (परतावा, न भरलेले पैसे, दुबार ऑर्डर, एवढंच), दर बदलला तर ३० दिवसांची सूचना, करार संपला तरी पक्कं झालेलं कमिशन मिळेल हे, आणि प्रत्येक ऑर्डर क्रमांकासह अहवाल बघण्याचा हक्क. ‘कंपनीच्या निर्णयानुसार’ असं कलम दिसलं तर ते काढून टाकायला सांगा. ते राहिलं की बाकीच्या अटींना अर्थ उरत नाही.

कंपनी भारतातली असेल तर आणखी एक आधार आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीच केलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा व्यवसायाला एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करारात फार तर ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे नेता येते. परदेशी कंपनीवर हा इलाज चालत नाही.

विक्री नोंदली का जात नाही

फसवणूक हे एकच कारण नसतं. ग्राहक शेवटी कूपनच्या साइटवरून गेला तर शेवटचा क्लिक त्या साइटचा, आणि कमिशन बहुतेकदा शेवटच्या क्लिकला जातं. लिंक मोबाइल अ‍ॅपमध्ये उघडली तर नोंद तुटू शकते. कुकी म्हणजे ग्राहक तुमच्या लिंकवरून आला याची ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण; सफारी ब्राउझर पानावरच्या स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रामने) ठेवलेली कुकी सात दिवसांतच पुसतो, म्हणजे ३० दिवसांची कुकी आयफोनवर प्रत्यक्षात ३० दिवसांची नसते. ब्राउझरवर न विसंबता थेट सर्व्हरवरून सर्व्हरकडे नोंद होते का, हे कंपनीला विचाराच.

तक्रार टिकायची असेल तर प्रत्येक पोस्टच्या लिंकला वेगळा उप-क्रमांक (सब-आयडी) द्या, दर महिन्याचा अहवाल उतरवून ठेवा आणि कंपनीच्या लेखी परवानगीने तीन महिन्यांतून एकदा चाचणी ऑर्डर करा: क्लिकची वेळ, ऑर्डर क्रमांक, रक्कम. तफावत दिसली की हे तिन्ही आकडे घालून लगेच ईमेल करा. ‘माझे क्लिक जास्त आहेत, पैसे कमी’ एवढ्या तक्रारीला कोणीच उत्तर देत नाही.

नवख्याने दुकानाच्या कार्यक्रमापासून सुरुवात करावी. वाचकांचा खरेदीचा कल कळला की दोन-तीन जाहिरातदार नेटवर्कमधून जोडावेत. थेट करार मात्र त्याच कंपनीशी करावा जिच्या वस्तूची विक्री तुम्ही नेटवर्कवर किमान सहा महिने पाहिली आहे, कारण मग वाद झाला तर तुलनेला तुमचे स्वतःचे आकडे असतात.