दि फरगॉटन सोल्जर : गी साजेरचं पुस्तक घ्यावं का?

घ्या. पण एकटं हेच वाचून थांबू नका.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यातून रशियाविरुद्ध लढलेल्या पोराच्या आठवणींचं हे मूळ फ्रेंच पुस्तक, १९६७ मध्ये आलं, मी इंग्लिश भाषांतर घेतलं, साडेचारशेच्या वर पानं आहेत आणि टाइप बारीक. गी साजेर हे टोपणनाव, खरा माणूस गी मुमिनू, जन्म १९२७, बाप फ्रेंच आई जर्मन, राहायला जर्मनीला लागून असलेल्या फ्रान्सच्या अल्सास प्रांतात, पुढे फ्रान्समध्ये दिमित्री नावाने कॉमिक्स काढायचा, २०२२ मध्ये वारला. जर्मनीने अल्सास गिळलं होतं आणि ऑगस्ट १९४२ पासून तिथल्या पोरांना सक्तीने भरती करायला लागले, अल्सास आणि शेजारचं मोझेल मिळून सुमारे १,३०,००० जण असे ओढले गेले, पण साजेर पुस्तकात सांगतो की तो त्याआधीच स्वतःहून गेला होता. दहावी-अकरावीतलं पोरगं हो, वय तेवढंच.

सुरुवातीला तो लढतच नाही, ट्रकच्या ताफ्यात माल पोचवतो, मिन्स्क, किएव्ह, खारकोव्ह, आणि ती थंडी, ते जुलाब, इंजिन सुरू होत नाही, हात धातूला चिकटतात, हा भाग मला पुढच्या सगळ्या लढायांपेक्षा जास्त लागला. नंतर ग्रॉसडॉइचलांड ही जर्मन सैन्याची निवडक डिव्हिजन, बेल्गोरोदची लढाई, मग माघार. नीपर नदीच्या काठावर हजारो माणसं पार जायची वाट बघत बसलीयेत आणि मागून रशियन येतायत, तो प्रसंग वाचताना मी पुस्तक दोनदा खाली ठेवलं. शेवटी बाल्टिक समुद्रावरच्या मेमेल बंदरात सैनिकांसोबत म्हातारी माणसं, बायका, पोरं अडकलेली.

आता वाद. १९९२ मध्ये एका अमेरिकन लष्करी नियतकालिकात प्रश्न आला की हे खरं आत्मचरित्र आहे की कादंबरी, कारण साजेर डिव्हिजनच्या नावाची पट्टी डाव्या बाहीवर लावली म्हणतो आणि ती उजव्या बाहीवर असायची. तारखा, गावं यांचाही गोंधळ आहे. साजेरचं म्हणणं असं की मी युद्धाचा इतिहास लिहायला बसलो नव्हतो, जे मनावर उमटलं ते लिहिलं. मला ते पटतं, सोळा वर्षांच्या, उपाशी पोराला बाही आठवायची की शेजारी मेलेला मित्र? पण म्हणूनच यातला लढाईचा तपशील कुणाशी वाद घालायला पुरावा म्हणून वापरू नका.

मला खटकलं ते वेगळंच. सप्टेंबर १९४१ मध्ये किएव्हच्या बाबी यार दरीत दोन दिवसात ३३,७७१ ज्यू मारले गेले, साजेर त्यानंतर साधारण वर्षभराने त्याच शहरातून जातो आणि ज्यू लोकांचं काय झालं हे या पुस्तकात जवळजवळ नाहीच. त्याला माहीत नसेलही, पण वाचणाऱ्याला माहीत पाहिजे, नाहीतर सगळी दया एकाच बाजूला जाते.

अशा पुस्तकांच्या यादीत लेऑन देग्रेलचं रशियाच्या मोहिमेवरचं पुस्तक सुचवलं जातं, ते मी कुणालाच सांगणार नाही. बेल्जियमचा हा फॅसिस्ट पुढारी, जर्मनांच्या बाजूने बेल्जियन स्वयंसेवकांच्या वालून लीजनमधून लढला, मे १९४५ मध्ये विमानाने स्पेनला पळाला, मायदेशात मृत्युदंडाची शिक्षा, आणि १९९४ मध्ये मरेपर्यंत पश्चात्ताप शून्य, उलट ज्यूंचा संहार झालाच नाही म्हणायचा. साजेरच्या पानापानात भीती आहे, देग्रेलच्या पानात स्वतःचाच जयजयकार. ऑनलाइन रिव्ह्यूमध्ये दोन्ही पुस्तकांना सारखेच पाच स्टार आणि "शूर वीर" बघून खरंच राग येतो.

आपला धागाही आहे. उत्तर आफ्रिकेत पकडलेले हिंदी युद्धकैदी घेऊन सुभाषबाबूंनी जर्मनीत फौज उभी केली, जर्मन सैन्यात ती ९५० वी रेजिमेंट, पुढे फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर नेली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये वाफेन एसएसकडे, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र फौजेकडे, गेली. सुभाषबाबूंच्या बर्लिनमधल्या फ्री इंडिया सेंटरमध्ये काम केलेल्या एन. जी. गणपुले यांचं 'नेताजी इन जर्मनी' १९५९ मध्ये आलं, जुन्या लायब्ररीत दिसलं तर सोडू नका.

माझ्या कॉपीत एकही नकाशा नाही, त्यामुळे साजेर वाचताना युक्रेनचा नकाशा शेजारी उघडून ठेवा.