केटोकोनाझोल २ टक्के शाम्पू: पाचपैकी चार स्टार, पण तुमची खाज त्याच्या कामाची असेल तरच

ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण हा शाम्पू बऱ्याच कंपन्या काढतात, आत औषध तेच, केटोकोनाझोल म्हणजे बुरशी मारणारं औषध, प्रमाण तेच, वेगळं काय तर वास, रंग आणि बाटली. मी दोन-तीन कंपन्यांचे वापरलेत, खाजेच्या बाबतीत काही फरक जाणवला नाही. चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते खाली सांगते.

हा रिव्ह्यू लिहायचं खरं कारण म्हणजे याच शाम्पूला लोकांनी दिलेले एक स्टार. वाचत गेलं की कळतं, निम्म्या लोकांना खाज कसली आहे तेच माहीत नाहीये, कोणाच्या डोक्यात उवा असाव्यात, कोणाला डाय चढलाय, कोणी केस धुतल्यासारखं अर्ध्या मिनिटात धुऊन टाकलं, आणि शिव्या मात्र शाम्पूला. डोकं खाजतं म्हणजे कोंडा, आणि कोंडा म्हणजे अँटीडँड्रफ शाम्पू, एवढं सरळ नसतं हो ते.

आधी माझ्या डोक्याबद्दल. माझी खाज अशी की बोलता बोलता पेनाचं मागचं टोक केसांत जायचं आणि समोरचा माणूस बघत राहायचा. खवले पांढरे भुरभुरीत नाही तर पिवळसर, तेलकट, खाजवलं की नखाखाली चिकटणारे. भुवयांतसुद्धा तसेच, नाकाच्या दोन्ही बाजूंना लाली, कानामागच्या घडीत चिकट पापुद्रा. स्किनच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, सेबोरिक डर्मटायटिस, म्हणजे कोंड्याचाच मोठा भाऊ म्हणा. कोंड्यात नुसते खवले आणि थोडी खाज, यात त्याबरोबर कातडी लाल होते, सुजते आणि प्रकरण डोक्याच्या बाहेरही पसरतं.

याच्यामागे मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी असते. १८७४ मध्ये मालासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने खवल्यांमध्ये ती बघितली, म्हणून हे नाव. ती जवळपास सगळ्यांच्याच डोक्यावर असते, तुमच्याही आत्ता असेल. तिला लागतं तेल, म्हणजे आपल्या त्वचेतून आपोआप निघतं ते सीबम. ते तोडून ती खाते आणि उरलेलं ओलेइक अ‍ॅसिड वगैरे मागे टाकते, ते काही जणांच्या कातडीला झोंबतं आणि मग कातडी घाईघाईने नवे थर बनवून जुने गुठळ्यांमध्ये टाकून देते, तेच आपले खवले. त्यामुळे "डोकं स्वच्छ ठेवत नाहीस का" हा प्रश्न बंद करा प्लीज, घाणीचा आणि याचा संबंध नाही. उलट खाज येते म्हणून मुळाशी तेल चोपडून रात्रभर ठेवणं म्हणजे त्या यीस्टला पंगत वाढणं. तात्पुरतं मऊ वाटतं, खवले बसतात, दोन दिवसांनी पुन्हा तेच. हे ऐकून घरोघरी लोक नाराज होतात पण आहे हे असं आहे. केसांच्या टोकांना लावा की, कोण नाही म्हणतंय.

केटोकोनाझोल करतं काय तर यीस्टच्या पेशीचं आवरण बनायला जो पदार्थ लागतो, एर्गोस्टेरॉल, तो बनू देत नाही, शिवाय सूजही थोडी उतरवतं. यीस्ट कमी झाली की खाज आधी जाते, खवले मागून. माझं तसंच झालं, खाज आधी शांत झाली, खवले मात्र बरेच दिवस रेंगाळले. सुरुवातीचा कोर्स साधारण आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. नंतर आठवड्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा, पुन्हा येऊ नये म्हणून. पहिल्याच धुण्यात चमत्कार होईल असं वाटत असेल तर नका घेऊ.

आता वापरायची पद्धत, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. हे केसांचं नाही, कातडीचं औषध आहे. केस नीट ओले करायचे, बोटावर थोडं घ्यायचं, शेपटीवाल्या कंगव्याने भांग पाडत पाडत थेट कातडीला लावायचं, पुढच्या केसांच्या रेषेपासून मागे मानेपर्यंत आणि कानांच्या वर. नखं नाही, बोटांची पेरं. मग तीन ते पाच मिनिटं तसंच ठेवायचं. घड्याळ बघा खरंच, कारण फेस डोक्यावर घेऊन उभं राहिलं की एक मिनिटसुद्धा पाचासारखं वाटतं, मी त्या वेळात दात घासून घेते. भुवया आणि नाकाच्या बाजूला तोच फेस हलकेच फिरवते, डोळे गच्च मिटून, डोळ्यात गेलं की चांगलंच झोंबतं. दाढीवाल्यांनी दाढीतही लावा, तिथेही हाच प्रकार असतो. मग भरपूर पाण्याने धुवायचं, कोमट, कडकडीत नाही.

कापलेला स्टार. एक म्हणजे वास, औषधी आणि वरून कसलातरी उग्र परफ्यूम. दुसरं म्हणजे केस पार झाडू होतात, त्यामुळे लांबीला कंडिशनर लागतोच, मुळाशी नाही फक्त खाली. केस रंगवलेले, पांढरे किंवा केमिकल ट्रीटमेंट केलेले असतील तर रंगात फरक पडू शकतो, पर्म केलेल्या केसांचे कर्ल सुटू शकतात, हे माहितीपत्रकात असतं पण ते वाचतो कोण. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हा आजार मुळासकट जात नाही. थकवा, टेन्शन, थंडी, काही ना काही निमित्त होतं आणि तो परत डोकं वर काढतो. त्यासाठी मी स्टार कापलेला नाही कारण तो दोष शाम्पूचा नाही. गोळ्यांबद्दल वाचून घाबरणाऱ्यांसाठी, केटोकोनाझोलच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांवर २०१३ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात लिव्हरच्या त्रासामुळे कडक निर्बंध आले हे खरं आहे, पण डोक्याला लावून धुऊन टाकलेल्या शाम्पूतून औषध रक्तात जवळपास जातच नाही, दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नका. तरी प्रेग्नंट असाल किंवा लहान बाळासाठी हवा असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आता ज्यांना फरक पडला नाही त्यांच्यासाठी, आणि इथे थोडं लांबणार आहे.

पहिला संशय डायवर घ्या. माझ्या मैत्रिणीचं डोकं वर्षभर अधूनमधून पेटायचं, ती हाच शाम्पू रगडत बसली होती. खाज रंग लावला त्या दिवशी यायचीच नाही, एक-दोन दिवसांनी यायची, त्यामुळे डायवर कोणाचा संशयच जाईना. अ‍ॅलर्जी अशीच उशिरा उठते. गडद रंगाच्या डायमध्ये पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमीन असतं, ते यातलं सगळ्यात नाठाळ, आणि वर्षानुवर्षं सोसलेलं एक दिवस अचानक सोसेनासं होतं, त्यामुळे "मी तर कायम हाच लावते" याला अर्थ नाही. खोक्यावर नॅचरल लिहिलंय म्हणून आत पीपीडी नसेल असंही नाही, मागची बारीक अक्षरं वाचा. अजून एक खूण बघा, डोक्याची कातडी जाड असते, ती कधीकधी दाद देत नाही, पण पापण्या सुजतात, कानाच्या पाळ्या आणि मान खाजते, म्हणजे शाम्पू नाहीतर रंग ओघळून जिथे जिथे जातो तिथे. शाम्पूमधलाच सुगंध, मेथिलआयसोथायाझोलिनोनसारखं प्रिझर्वेटिव्ह किंवा फेसासाठी घातलेलं कोकामिडोप्रोपिल बिटेन यांचीसुद्धा अ‍ॅलर्जी होते, मग औषधी शाम्पूच त्रास वाढवतोय असंही होऊ शकतं. लावल्यावर जास्तच आग होत असेल तर "असर करतोय" म्हणून दामटू नका, थांबवा. नक्की कशाची अ‍ॅलर्जी ते पॅच टेस्टमध्ये कळतं, पाठीवर छोट्या पट्ट्या ४८ तास ठेवतात, काढल्यावर एकदा बघतात आणि नंतर एक-दोन दिवसांनी परत. मैत्रिणीचा निकाल पीपीडीच आला.

दुसरं, उवा. मोठ्या माणसांना हे ऐकून राग येतो पण उवांना घराणं कळत नाही आणि केस स्वच्छ की तेलकट याचंही त्यांना काही नसतं, डोक्याला डोकं लागलं की झालं. पहिल्यांदाच झाल्या असतील तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात कारण खाज चावण्याची नसून त्यांच्या लाळेच्या अ‍ॅलर्जीची असते, तोवर घरभर झालेल्या असतात. ओळख सोपी आहे. कानामागचा आणि मानेवरचा केस उजेडात धरा, मुळाजवळ पांढरा ठिपका दिसला तर फुंकर मारा, उडाला तर खवला, नखांच्या चिमटीत धरून ओढला तरी केसावरून सरकत नसेल तर लीख. त्यावर केटोकोनाझोल शून्य काम करतं. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक दातांची फणी, किंवा पर्मेथ्रिनसारखं औषध, आणि ते सात ते दहा दिवसांनी परत लावायचं कारण अंडी पहिल्या फेरीत वाचतात आणि तेवढ्यात फुटतात. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा.

सोरायसिसचे खवले वेगळे असतात, जाड, कोरडे, चंदेरी, चट्ट्याची कड स्पष्ट, आणि चट्टा केसांची रेष ओलांडून कपाळावर उतरतो. कोपर, गुडघे बघा, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का बघा. त्याला स्टेरॉइड लोशन, कॅल्सिपोट्रिऑल, कोल टार, जाड थर उतरवायला सॅलिसिलिक अ‍ॅसिड अशी दुसरी फौज लागते, या शाम्पूने फार तर थोडं बरं वाटेल.

मुलांच्या डोक्यात गोल चट्टा, तिथले केस तुटलेले, काळे ठिपके राहिलेले, तो नायटा. गंमत म्हणजे हीसुद्धा बुरशीच, पण केसाच्या आत शिरलेली, म्हणून आठवडेच्या आठवडे पोटातून औषध लागतं, शाम्पू फक्त दुसऱ्यांना पसरू नये म्हणून जोडीला. फोड येऊन पू आला तर घरी वेळ घालवू नका.

नुसतं कोरडं डोकं असेल, बारीक पांढरे खवले, ताणल्यासारखी कातडी, रोज कडक शाम्पू आणि गरम पाणी, तर हा शाम्पू अजून कोरडं करेल. तिथे धुणं कमी करा आणि सौम्य शाम्पू घ्या, बास.

आणि काहींना डोक्यावर काहीच दिसत नाही, ना खवला ना लाली, तरी आग आणि खाज. तिथे नसांचा मामला असू शकतो, मानेचा मणका, डायबेटिस, त्या जागी आधी नागीण होऊन गेलेली. अंगभर खाज असेल तर रक्तातलं लोह, थायरॉइड, किडनी, लिव्हर तपासतात. बाटल्या बदलून तिथे काही हाती लागणार नाही.

माझ्या वापरावरून म्हणाल तर चार आठवडे नीट, मिनिटं मोजून वापरूनही खाज तशीच असेल तर पाचवी बाटली घेण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा, ते छोट्या भिंगातून बघतात आणि बऱ्याचदा तिथेच कळतं. जायच्या दिवशी डोक्याला काही लावू नका, तेल तर नाहीच, सगळं झाकलं जातं. एकाच बाबतीत मात्र चार आठवडेही थांबू नका. खाजेबरोबर केस जायला लागलेत आणि रिकाम्या जागेवरची कातडी गुळगुळीत, चकचकीत दिसतेय, केसांची भोकंच दिसत नाहीयेत, तर लगेच जा, कारण लायकेन प्लॅनोपायलॅरिससारख्या आजारात केसांची मुळं कायमची बुजतात आणि तिथे मग कुठलाच शाम्पू केस परत आणत नाही.