कमरेतलं स्टेरॉइड इंजेक्शन: पायाला गुण, साखरेला ताप

पायातली कळ गेली, कंबर अजून दुखते आणि साखर आठवडाभर चढलेली राहिली. घाईत असाल तर एवढं पुरे, बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते.

मी ब्लाउज शिवते, मशीन पायाची. एमआरआयमध्ये कमरेच्या तळाच्या मणक्यांमधली (एल-५ एस-१ ची) गादी सरकून शीर दबलेली निघाली. उजव्या कुल्ल्यापासून पोटरीतून थेट पायाच्या करंगळीपर्यंत कळ. प्रीगाबालिन या शिरेच्या कळेवरच्या औषधाने ती बोथट झाली, पण झापड अशी यायची की गिऱ्हाइकांचे गळे वाकडे कापले जायला लागले. शेवटी पेन क्लिनिक गाठलं. (तक्रारही आहे, म्हणून नाव लिहीत नाही.)

डॉक्टरांनी समजावलं मात्र झकास. गादी फाटली की आतला गर बाहेर येतो. तो शिरेला नुसता दाबत नाही, सुजवतो, आणि सुजलेली शीर उगाचच कळा मारत राहते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बनवतात. त्याच जातीचं, पण कितीतरी जोरकस औषध, म्हणजे स्टेरॉइड, शिरेच्या मुळाशी सोडायचं. सूज उतरते, गादी काही जागेवर जात नाही. म्हणून गुण येतो तो मुख्यतः पायाला, तोही काही आठवडे, फार तर काही महिने. तेवढ्यात बऱ्याच जणांचा बाहेर आलेला गर शरीर आपोआप जिरवतं. ही सगळी मुदत मिळवण्याची खटपट.

सासूबाईंनी 'स्टेरॉइड' ऐकून कपाळाला हात लावला. दम्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन चेहरा सुजलेला माणूस त्यांनी घरात पाहिलाय. रोजच्या गोळ्या आणि एखादं इंजेक्शन यांत फरक आहे, पण भीती अगदीच खोटी नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये या इंजेक्शनांबद्दल इशारा दिला होता: क्वचित, पण पक्षाघात किंवा दृष्टी जाण्यापर्यंत मजल जाऊ शकते. मला डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड दिलं. त्यात कण नसतात, त्यामुळे चुकून रक्तवाहिनीत गेलं तरी ती तुंबण्याचा धोका कमी.

पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवलं. आधी भुलीची सुई, मग सी-आर्मच्या (चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर बघत बघत आत. औषध ढकललं तेव्हा नेमकी तीच कळ करंगळीपर्यंत सणसणत गेली. "ताई, हीच का तुमची?" "हीच हो!" म्हणाले, "मग जागा बरोबर आहे." त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, दुसऱ्या दिवशी तोंड लालबुंद. दोन्ही आपोआप ओसरलं.

आता तक्रार. मला मधुमेह आहे, फाइलवर लाल शाईने लिहिलेलं. तरी साखर वाढेल हे इंग्रजी संमतिपत्रातल्या एका ओळीपलीकडे कोणी सांगितलं नाही. घरच्या मशीनवर २९० दिसल्यावर फोन केला, तर रिसेप्शनवरून उत्तर: "होतं तसं, उतरेल." गोळ्यांचा डोस शेवटी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी बदलून दिला. पंधरा हजारांच्या बिलात एवढं सांगणं बसायला हवं होतं.

तळपायांची आग होते म्हणून जाऊबाई तिथेच जायला निघाल्या होत्या. त्यांना थांबवलं. त्यांची आग मधुमेहाने नसाच खराब झाल्यामुळे आहे. तिथे स्टेरॉइडचा उपयोग नाही, साखर मात्र वाढेल.

कळ परतली तर इंजेक्शन पुन्हा घेईन. पण क्लिनिक दुसरं, आणि साखरेच्या डॉक्टरांना आधी विचारून.