लेहचा एक हिवाळा: मेरिनो, पश्मिना, याक आणि आईचं घोंगडं

ऑक्टोबरअखेर कामासाठी लेहला गेलो तो मार्च संपेपर्यंत तिथेच होतो. जानेवारीत रात्री पारा उणे 15 च्या खाली. मी पुण्याचा, स्वेटर वर्षातून 10 दिवस घालणारा. सोबत मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचे दोन थर्मल आणि आईने बळंच कोंबलेलं घोंगडं. पश्मिना शाल आणि याकच्या लोकरीचे मोजे तिथेच घेतले.

सगळ्यात जास्त वापरलं मेरिनो. नळ गोठले की आंघोळ आठवड्यातून एकदाच, तरी पाच-सहा दिवस अंगात राहिलेल्या थर्मलला वास नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. चढ चढून आल्यावर सुती बनियन जसं पाठीला गारढोण चिकटतं, तसं याचं कधीच झालं नाही. पण 18 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धागा नाजूकच. फेब्रुवारीत सॅकच्या पट्ट्याखाली एकाचा खांदा विरला.

दुसरा मी स्वतःच मारला. गार पाण्याला कंटाळून कढत पाण्यात पावडर घालून खसाखसा चोळला. वाळल्यावर भाच्याला बसेल एवढा आटला होता. लोकरीच्या केसावर खवले असतात. उष्णता आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात ते कायमचेच. आता कोमट पाणी, रिठे, आणि पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं.

पश्मिन्यात आधी फसलो. 'अंगठीतून आरपार जाते बघा,' म्हणत विक्रेत्याने 900 रुपयांना शाल गळ्यात मारली. खोलीवर येऊन झालरीतला एक दोरा काडीवर धरला. कागदासारखा भुरकन पेटला, वासही कागदाचा. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा! अंगठीतून काय, कुठलंही तलम कापड जातं. पुढे ओळखीतून खरी मिळाली, किंमत विचारू नका. तिचा दोरा धुमसून विझला, केस जळल्याचा वास आला आणि टोकाचा काळा मणी बोटांत चुरडला गेला.

ही चांगथांगच्या, म्हणजे लडाखच्या पूर्वेकडच्या उंच पठारावरच्या, शेळ्यांची आतली लव, 12 ते 15 मायक्रॉनची, उन्हाळ्याच्या तोंडावर विंचरून काढलेली. खांद्यावर वजन जाणवत नाही, दोन मिनिटांत मान मात्र ऊबदार. बसून काम करताना हिला तोड नाही. चालता-फिरता नको: दाढीचे खुंट घासून महिन्याभरात शालीवर गळ्याशी लोकरीचे गोळे आले.

मोजे याकच्या आतल्या लवेचे, खुलुचे. पहिला आठवडा किंचित टोचले, मग पाच महिने रोज बुटात, एकही भोक नाही. पैसा वसूल.

घोंगडं अंगावर घेववत नाही. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड केस त्वचेला टोचतात आणि आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठच. पण डिसेंबरात एका रात्री गादीखाली घातलं आणि जमिनीतून वर येणारी थंडी थांबली. त्यानंतर ते तिथून हललं नाही.

परतल्यावर शाल आईने ठेवून घेतली. सुती फडक्यात बांधते, कसर लागू नये म्हणून महिन्याला उन्हात झटकते. घोंगडं माझ्याकडे आहे.