डी५ की डीडीसी: पंप बंद पडला तर कोणता बरा?

कस्टम वॉटर कूलिंगमध्ये, म्हणजे स्वतः जोडलेल्या नळ्यांतून द्रव फिरवून कॉम्प्युटर गार ठेवण्याच्या पद्धतीत, बहुतेक वेळा डी५ आणि डीडीसी हेच दोन पंप दिसतात. दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, दोन्हींचा रोटर (फिरणारा भाग) सिरॅमिकच्या गोळीवर फिरतो आणि दोघांनाही कोरडं चालणं सोसत नाही. पण आजारी पडण्याच्या तऱ्हा वेगळ्या.

डीडीसी छोटा आणि जोरकस. कॉम्प्युटरच्या अरुंद केसमध्ये, दोन-तीन रेडिएटर (द्रव गार करणाऱ्या जाळ्या) असतील तर दाब त्याचाच जास्त. मात्र त्याचं सर्किट तळाशी असतं आणि चांगलंच तापतं. खाली हवा खेळत नसेल, तर तासाभराने पंप थांबतो आणि गार झाला की पुन्हा सुरू होतो. असं झालं तर आधी तळाला हात लावून बघा. चटका बसला तर तिथे हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) हवाच.

डी५ची मोटर लूपमधल्या, म्हणजे नळ्यांतून फिरणाऱ्या, द्रवानेच गार होते, त्यामुळे हा त्रास क्वचित. माझा डी५ एकदा नुसता गुणगुणत होता, आरपीएम (मिनिटाला फेरे) शून्य. लूप रिकामा करून कॉलर (पंप बंद ठेवणारी आट्यांची कडी) फिरवली, रोटर उचलला, तर गोळीभोवती पांढरट चिकट थर! मऊ ब्रशने, डिस्टिल्ड पाण्याने धुतला आणि पंप फिरू लागला. डीडीसीतही रोटर निघतो, पण चार स्क्रू काढून.

पंप उघडण्याआधी वायर तपासाच. अनेक पंपांना वीज पॉवर सप्लायच्या मोलेक्स प्लगमधून मिळते, मदरबोर्डकडे फक्त वेगाचा सिग्नल जातो. सिग्नलची वायर सुटली, तर चालू पंपही मेल्यासारखा दिसतो.

जागा असेल तर मी डी५च घेईन.