हिरवी वायर जागेवर जोडून देणारा गाळा : वागळे इस्टेटमधील कार ऑडिओचे काम

गाडीत बाहेरून घेतलेला व्हिडिओ आणि नेव्हिगेशनचा टचस्क्रीन बसवून देणारी दुकाने ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत पुष्कळ आहेत, आणि फ्रेम नीट बसवणे, आवाज जुळवून देणे, रिव्हर्स कॅमेरा चालू करणे ही कामे त्यांपैकी बहुतेक ठिकाणी चांगलीच होतात. फिटर खरोखर किती जाणकार आहे हे मात्र या टचस्क्रीनच्या, म्हणजे युनिटच्या, हार्नेसमधून (वायरींच्या जुडग्यातून) निघणाऱ्या एका पातळ, फिकट हिरव्या वायरीचे तो काय करतो यावरून कळते, असे माझे ठाम मत झाले आहे. वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर २२ च्या बाजूला असलेल्या एका लहानशा गाळ्यात आमच्या स्विफ्टचे जे काम झाले, त्याबद्दल मला सविस्तर लिहावेसे वाटते ते याच वायरीमुळे.

ही वायर हँडब्रेकची असते. पायोनियरच्या युनिटमध्ये ती फिकट हिरव्या रंगाची असते आणि हँडब्रेकच्या स्विचला जिकडून वीजपुरवठा येतो त्या बाजूला ती जोडावी, असे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. हँडब्रेकच्या दांड्याच्या बुडाशी एक साधा स्विच असतो. दांडा वर ओढला की तो स्विच आपली वायर गाडीच्या बॉडीशी, म्हणजे अर्थशी जोडतो आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो. दांडा खाली केला की जोड तुटतो, दिवा विझतो आणि चावी चालू असेल तर त्या वायरीवर बारा व्होल्टच्या आसपास दाब दिसू लागतो. युनिट नेमके हेच वाचते. अर्थ मिळाला म्हणजे गाडी उभी आहे असे समजून ते व्हिडिओ दाखवते, पत्ता टाइप करू देते, नवीन फोन जोडू देते आणि सेटिंग बदलू देते. अर्थ सुटला की यांतील बऱ्याच गोष्टी बंद होतात.

आता प्रत्यक्षात काय चालते ते सांगते. हे युनिट आधी ज्या दुकानात बसवले होते तिथे ही हिरवी वायर न विचारता, न सांगता थेट बॉडीला अर्थ करून दिलेली होती. याला सगळेजण ‘बायपास’ म्हणतात आणि गिऱ्हाइकाला दिलेली सवलत म्हणून तो सर्रास केला जातो. काही युनिट एवढ्याने फसत नाहीत. हँडब्रेक ओढला, सोडला आणि पुन्हा ओढला, असा क्रम दिसल्याशिवाय ती व्हिडिओ सुरूच करत नाहीत, म्हणून तोच क्रम खोटा निर्माण करून दाखवणारी छोटी मॉड्यूलही ऑनलाइन विकली जातात. याहून वाईट प्रकार म्हणजे युनिटची वायर अर्थ करण्याऐवजी हँडब्रेकच्या स्विचला जाणारी गाडीची मूळ वायरच बॉडीला चिकटवणे. असे केले की लाल दिवा कायमचा लागून राहतो, आणि अनेक गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्याचा इशाराही तोच दिवा देत असल्यामुळे, ऑइल खरोखर उतरले तरी चालवणाऱ्याला काहीच समजत नाही. एक सिनेमा दिसावा म्हणून ब्रेकचा इशारा गमावण्याचा हा व्यवहार मला अजिबात मान्य नाही.

वागळे इस्टेटच्या गाळ्यात काम करणाऱ्या मामांनी युनिट बाहेर ओढून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, ही वायर अर्थला तुम्ही सांगून टाकून घेतलीत का?” नाही म्हटल्यावर त्यांनी ती सोडवली, दोन सीटमधला कन्सोल उघडला आणि हँडब्रेकच्या बुडाशी असलेल्या स्विचपर्यंत पोहोचले. चावी चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक त्यांनी बॉडीच्या बोल्टला आणि दुसरे स्विचच्या वायरीला लावले, मला दांडा वर-खाली करायला सांगितले आणि आकडा शून्यावर येतो आणि पुन्हा बारापाशी जातो हे मलाच वाचायला लावले. युनिटसोबत येणारी चिमट्यासारखी निळी क्लिप त्यांनी वापरली नाही, कारण ती पातळ वायरीचे तंतू कापते आणि काही महिन्यांनी हादऱ्यांमुळे जोड सैल पडतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी मूळ वायर न कापता तिचे आवरण जेमतेम नखभर सोलले, नवी वायर तिच्याभोवती गुंडाळून सोल्डर केली आणि वरून कापडी टेप घट्ट लपेटली. गरम केल्यावर आक्रसून जोडावर घट्ट बसणारी श्रिंक ट्यूब का नाही, असे मी विचारले, तर न कापलेल्या वायरीवर ती सरकवणार कशी, हे त्यांनी हातातल्या तुकड्यावर दाखवून दिले. साधी काळी टेप उन्हाळ्यात बंद गाडीत चिकट होऊन सुटते, म्हणून कापडी. पुढे ती वायर गालिच्याखालून नेताना सीटच्या रुळापासून दूर ठेवून जागोजागी बांधली. झाकल्यावर यांतले काहीच दिसत नाही, तरीही तेवढीच काळजी घेतली गेली.

हँडब्रेकची वायर खरी जोडली की नकाशाही बंद पडतो, अशी भीती अनेकांना वाटते आणि बायपास करून घेण्यामागे बहुतेक वेळा तीच असते. ती निराधार आहे. गाडी चालू असताना नकाशा, वळणांच्या सूचना, गाणी, फोन घेणे आणि रिव्हर्स कॅमेरा हे सगळे पूर्वीसारखेच चालते. कॅमेऱ्याला तर रिव्हर्स लाइटच्या वायरीवरून सूचना मिळते, त्याचा हँडब्रेकशी संबंधच नसतो. मागच्या सीटवर मुलांसाठी वेगळा स्क्रीन लावलेला असेल, तर पुढचे चित्र बंद असतानाही तिथे व्हिडिओ चालू राहतो.

याच कामात मामांनी आणखी एक सुटलेली वायर हेरली. ज्या युनिटमध्ये स्वतःचे नेव्हिगेशन असते त्याला गाडीच्या वेगाचा सिग्नल घेण्यासाठी गुलाबी वायर दिलेली असते, आणि आमची गुलाबी वायर नुसतीच टेप लावून लोंबकळत होती. उपग्रहाचा सिग्नल तुटला की युनिट याच वायरीवरून किती अंतर कापले याचा हिशेब ठेवते. ती जोडल्यानंतर पनवेलहून द्रुतगती मार्गाने पुण्याला जाताना भाताणच्या बोगद्यात नकाशावरचा बाण पुढे सरकत राहिला. पूर्वी तो बोगद्याच्या तोंडाशीच थबकत असे.

घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असताना थोडे चित्र पाहिले तर काय बिघडते, असा युक्तिवाद मी घरातल्यांकडूनही ऐकला आहे. मला तो पटत नाही, कारण त्याच गर्दीत दोन गाड्यांच्या फटीतून दुचाकी येते आणि पायी जाणारा माणूस अचानक समोरून रस्ता ओलांडतो. मोटार वाहने चालवण्याविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय विनियमांतही मार्ग पाहण्याची गरज वगळता चालकाने गाडी चालवताना व्हिडिओ पाहण्यास मनाई आहे. पुढच्या सीटवरचा सोबती पाहतो आहे, हे म्हणणेही टिकत नाही, कारण स्क्रीन दोघांच्या मधोमध असतो.

गाळ्याच्या उणिवाही सांगायला हव्यात. बसायला धड जागा नाही, गाडी रस्त्याच्या कडेलाच उभी करावी लागते आणि काम सावकाश चालते. घाईत असलेल्याने तिकडे जाऊ नये. बिल हाताने लिहिलेले मिळाले आणि त्यात फक्त ‘वायरिंग दुरुस्ती’ एवढेच होते. कोणती वायर कुठे जोडली याची साधी आकृती त्यासोबत दिली असती, तर उद्या दुसऱ्या कारागिराला शोधाशोध करावी लागली नसती. कन्सोल उघडून दोन्ही वायरी जोडण्याची मजुरी १,२०० रुपये घेतली. केवळ बायपास करून देणाऱ्या दुकानांपेक्षा ती जास्त आहे, पण झालेल्या कामाला मला ती योग्य वाटली.

बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत दांड्याखालचा हा साधा स्विच नसतो. ब्रेक लागल्याची माहिती गाडीच्या अंतर्गत नेटवर्कवरून फिरते आणि ती युनिटला कळण्यासाठी त्या मॉडेलचा वेगळा डीकोडर लागतो. माझ्यासमोर आलेल्या अशा एका गाडीच्या मालकाला, डीकोडर घेऊन या, नाहीतर मी वायरीला हात लावणार नाही, असे मामांनी सरळ सांगितले.

काम कुठेही करून घ्या, पण कन्सोल बंद करण्यापूर्वी मीटरवरचे दोन्ही आकडे स्वतः पाहा. त्यानंतर गाडी दुकानासमोर उभी असतानाच, चावी चालू ठेवून आणि पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक खाली करा. व्हिडिओ बंद झाला पाहिजे, नकाशा चालू राहिला पाहिजे आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला पाहिजे. दिवा विझला नाही, तर गाडी तिथून हलवू नका.