पायपंप घ्या, पण त्याच्या काट्यावर गाडीची हवा ठरवू नका

तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात मिळणारा एका नळकांड्याचा पायपंप मोटरसायकलसाठी घ्यावा का? जरूर घ्यावा. पांदणीनं वावरात जाणाऱ्याच्या घरी तो असलाच पाहिजे. पंक्चरचं दुकान बहुतेक वेळा फाट्यावर असतं, आणि बसलेल्या चाकावर तिथपर्यंत गाडी नेली की साध्या काट्याचं पंक्चर नव्या ट्यूबवर जातं. पंपाची कच्ची बाजू एकच, त्यावर बसवलेला हवा दाखवणारा काटा.

या काट्याची तबकडी बहुधा ० ते १६० पीएसआयची (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) असते. मोटरसायकलला लागतं २५ ते ४०, म्हणजे सगळा कारभार पहिल्या पाव भागात. २५ आणि २८ मध्ये फरक दिसतो तो काट्याच्या जाडीएवढा. शिवाय अशा काट्याची चूक पूर्ण तबकडीवर धरतात. २ टक्के धरली तरी ३ पीएसआय इकडे-तिकडे. ० ते ६० च्या गेजमध्ये (हवा मोजायच्या यंत्रात) हीच चूक सव्वा पीएसआयच्या आत राहते. म्हणून हवा सोडायचं बटण असलेला ० ते ६० चा गेज वेगळा घ्या. पंप आणि गेज मिळूनही मागच्या एका नव्या टायरपेक्षा स्वस्त पडतात. गेज एकाच चाकाला लागोपाठ तीनदा लावून बघा. आकडा किंचित उतरेल, कारण दरवेळी थोडी हवा निघते. ३-४ नं वरखाली झाला तर तो गेज बदलून घ्या.

भरायची किती, हे चेनकव्हरवरच्या किंवा मागच्या फोर्कवरच्या स्टिकरवर असतं. १००-१२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५, मागे एकट्यासाठी २८-२९. डबलसीटचा आकडा गाडीगणिक बदलतो, काहींत ३२-३३, काहींत थेट ४० च्या आसपास, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका. मागे युरियाची ४५ किलोची बॅग असेल तर डबलसीटचाच आकडा धरा. स्टिकरवर आकडा पीएसआयऐवजी किलोत (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) लिहिला असेल तर १४.२ नं गुणा: १.७५ म्हणजे २५, २ म्हणजे २८. टायरच्या बाजूला कोरलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते.

मोजायचं सकाळी, गाडी हलवण्याआधी. तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतो. मे महिन्यात भर दुपारी तापल्या डांबरावरून आलेल्या चाकात आकडा जास्तच दिसणार. तो बघून हवा सोडू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवतात, ते उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबून दबून आणखी तापतो. खड्ड्यात रिमखाली ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात. पावसाळ्यात काळ्या चिखलात पकड मिळावी म्हणून हवा सोडली, तर ट्यूबचा टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि वॉल, म्हणजे ट्यूबचं हवा भरायचं तोंड, बुडाशी फाटतो. वॉल रिममधून तिरपा दिसला की हेच चाललंय समजा. जास्त हवेचा टायर मधोमध झिजतो आणि गिट्टीवर उड्या मारतो.

भरताना वॉल पुसून घ्या, नाहीतर धूळ त्याच्या आतल्या पिनेत बसते. नोझल सरळ दाबून खटका लावा, १-२ पीएसआय जास्त भरा, खटका सोडून झटक्यात ओढा, मग गेजनं नेमक्या आकड्यावर आणा. शेवटी वॉलवर थुंकी लावा. बुडबुडा आला तर पिन घट्ट करा किंवा बदला. टोपी लावायला विसरू नका. आपला पंप पायानं किती वेळा दाबला की ५ पीएसआय चढतात हे एकदा गेजवर मोजून ठेवलं, तर घाईच्या वेळी तेवढ्यावर भागतं.

पंप पायाखाली हलका लागतोय पण हवा चढत नाही, तर आतला वॉशर सुकलाय. दांड्यावर तेलाचे दोन थेंब सोडा. स्कूटरच्या लहान चाकात नोझल सरळ बसत नाही, तिथे वाकडी नळी लागते. ती बहुधा पंपासोबत येत नाही, वेगळी मागून घ्या.